सहा आणि दहा

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लगीनसराई होती, आणि आमच्या घरात लगीनसराई म्हणजे काय असतं हे नातेवाइकांना वेगळं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे आमच्या दादांचा नातू डीजेचा धंदा करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा टेम्पो जो बाहेर पडतो तो थेट आषाढापर्यंत. मध्येच शिवजयंती, आंबेडकर जयंती. पुढे गणपती आणि नवरात्र. मला तो आबा म्हणतो. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे, आणि ते त्याला विचारूनच लिहितोय. "लिवा की आबा, तेवढीच जाहिरात!" असं म्हणाला. आता हे वाचून जाहिरात होईल की उलटंच काही होईल, ते तुम्हीच ठरवा.

तर झालं असं. उन्हाळ्यात त्याला एक सुपारी आली होती. (या धंद्यात बुकिंगला सुपारीच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो!) सगळं फोनवर ठरलं. इसाराचे पैसे फोनवरच आले. याने भिंतीवरच्या कालनिर्णयवर १० तारखेला गोल केला आणि मोकळा झाला. ६ तारखेला दुपारी हा चाळीस किलोमीटर लांब दुसऱ्या लग्नात. तिकडून फोन आला, "अरे टेम्पो कुठं हाय? परण्या निघायचाय!" आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. लग्न सहा तारखेचं होतं, आणि यानं ऐकलं होतं दहा.

पाव्हण्यांनी कुठूनतरी हलगीवाले शोधून आणले आणि परण्या निघाला. पण नंतर आमच्या दारात येऊन ते जे बोलले ते ऐकण्यासारखं नव्हतं. इसार तर परत केलाच, वर दंड म्हणून तेवढेच पैसे द्यावे लागले. घरात सगळे त्याला बोलले. "ध्यान कुठं असतंय तुझं?" हे वाक्य त्या दिवशी चौघांनी चार वेळा म्हटलं. तो एवढंच म्हणत होता, "दहालाबी तिथी हुती, म्हणून शंका आली न्हाई."

मी काही बोललो नाही, कारण मला दुसरंच काही आठवत होतं. गेले सहा महिने मी त्याच्या उजवीकडून बोललो तर तो "हं?" करायचा. टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्याची लहान भाची त्याला दोन-दोनदा मामा मामा हाक मारायची आणि मग शर्ट ओढायची. हे सगळं मी बघत होतो आणि पोरगं फोनमध्ये गुंग असतं अशी स्वतःची समजूत घालत होतो. आयुष्यभर मास्तरकी केली. वर्गातल्या कुठल्या मुलाला फळा दिसत नाही आणि कुणाला ऐकू येत नाही, हे आठवड्याभरात ओळखायचो. पण घरातलं पोर असलं की डोळ्यांवर झापड येते, हेच खरं.

दोन दिवस जाऊ दिले. मग संध्याकाळी त्याला पाटावर बसवलं, हातात वही दिली आणि म्हटलं, "श्रुतलेखन घ्यायचंय." तो हसला. लहानपणी मी त्याला घरीच श्रुतलेखन घालायचो. मी मागे बसलो आणि हळू आवाजात दहा शब्द सांगितले. साल, शेत, फार, घसा, सण, असे अगदी तिसरीतले शब्द.

वही बघितली. अक्षर तसंच सुंदर, मी लावलेलं वळण. पण लिहिलेलं काय? 'साल'चा 'ताल' झालेला. 'शेत'चा 'बेत'. 'फार'चा 'पार'. 'घसा'चा 'घडा'. दहापैकी चार शब्द बरोबर. जिथे जिथे स, श, फ होते तिथे तिथे तो अंदाजाने लिहीत होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आबा, कानात शिट्टी वाजती. रात्री झोपताना लई. वर्स झालं." वर्षभर त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता थोडं मागे जातो.

आमच्या घरात हा धंदा आला तो दादांमुळे. सत्तरच्या दशकात आमच्या तुळजापूर तालुक्यातल्या गावात दादांनी लाऊडस्पीकर घेतला. एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक रेकॉर्ड प्लेयर आणि ट्रकची १२ व्होल्टची बॅटरी, एवढाच पसारा. वीज सगळीकडे नव्हती, म्हणून बॅटरी तालुक्याला नेऊन चार्ज करून आणायची. बैलगाडीत सगळं सामान बसायचं. भोंगा लिंबाच्या झाडावर बांधला की लग्नघर कुठलं हे पंचक्रोशीला कळायचं. जुन्या ७८ च्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची, त्यामुळे दादांना जागचं हलता यायचं नाही. सुई बदल, तबकडी उलट, परत सुई ठेव. मधल्या शांततेत कोंबडे आरवलेलेही ऐकू यायचे!

माझं काम माइकवर. गावात शिकलेला मी, आणि आवाज बरा. मंगलाष्टका मी म्हणायच्या आणि आहेर मी पुकारायचा. "मुलीच्या मामाकडून पाच रुपये आहेर..." नाव चुकलं तर भांडणं व्हायची, म्हणून प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ उच्चारायचं. वर्गात मला जे उच्चार उपयोगी पडले ते मी बीएच्या वर्गात शिकलो नाही, त्या भोंग्यावर शिकलो.

त्या भोंग्याची एक आठवण मात्र लग्नाची नाही. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण आपल्याकडचं सास्तूर आणि आजूबाजूची गावंही जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दादा दुसऱ्या दिवशी भोंगा आणि बॅटरी घेऊन तिकडच्या एका गावाला गेले. मीही बरोबर होतो. वरून पाऊस, खाली दगडमातीचे ढीग. बाहेरगावाहून लोक आपली माणसं शोधत येत होते. दादांनी एका मोडक्या बैलगाडीवर भोंगा उभा केला आणि मी नावं पुकारत राहिलो. अमक्याचा भाऊ आला आहे, तमकीचे वडील आले आहेत, कुणी असेल तर शाळेच्या पटांगणात या. काही नावांना माणूस आला. बऱ्याच नावांना कुणीच आलं नाही. परत येताना दादा म्हणाले, "आजवर या भोंग्यातून सगळ्यात मोलाचं काय वाजलं असंल तर हे." पुढे वर्षभर त्यांनी गाण्याची सुपारी घेतली नाही.

असो. विषय डीजेचा आहे.

मधल्या काळात कॅसेट आली. दादांच्या कॅसेट डेकवर एक बटण होतं, त्यावर 'डॉल्बी' लिहिलेलं. तेव्हा ते काय आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढे सातारा, सांगली, कोल्हापूरकडे भिंती हादरवणाऱ्या स्पीकरांनाच लोक डॉल्बी म्हणायला लागले. मी निवृत्तीनंतर याविषयी वाचलं तेव्हा गंमत वाटली. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. १९६३ ते १९६५ तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून चक्क आपल्या देशात होता. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्याने लंडनमध्ये कंपनी काढली, आणि त्याचा पहिला नावाजलेला शोध होता टेपवरची खरखर कमी करण्याचा! ज्या माणसाने गोंगाट कमी करायचं तंत्र काढलं, त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं.

आता पोराचा पसारा ऐका. १८ इंची बेसच्या पेट्या, त्याच्यावर टॉप, अर्धा डझन ॲम्प्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप, कंट्रोलर, फिरते दिवे, जनरेटर, आणि हे सगळं वाहणारा टेम्पो. पेट्या इथल्याच सुताराने प्लायवूडच्या केलेल्या. हाताखाली चार पोरं. गिऱ्हाईक भाव करताना आवाज कसा आहे ते विचारत नाही, "किती बेस, किती टॉप?" एवढंच विचारतं. चार बेस चार टॉपचा एक दर, आठचा दुसरा. जाहिरातीची रीतही वेगळी. नवीन सेट आला की नारळ फोडून माळावर 'टेस्टिंग' ठेवायचं. गर्दी जमते, पोरं व्हिडिओ काढतात, रील फिरतात, आणि त्यातून सुपाऱ्या येतात. गाण्याच्या मध्येच डीजेचं नाव घोगऱ्या आवाजात येतं, तेही जाहिरातीसाठीच. एप्रिल २०१६ मध्ये सैराट आला तेव्हा हा शाळकरी होता. त्या लगीनसराईत प्रत्येक वरातीत 'झिंगाट' वाजलं, आणि याच्या डोक्यात डीजे शिरला तो तेव्हाच.

आणि इथे माझा संबंध येतो. बारावीनंतर तो चाकणला कंपनीत जायला निघाला होता. घरची जमीन तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भरवसा नाही. तो जाणार म्हणून वहिनींनी अन्न सोडलं. मग त्याने डीजेचं काढलं. सात लाखांचं कर्ज, जामीन पाहिजे, आणि बँकेला पेन्शनवाला जामीन आवडतो. मी सही केली. पोर गावात राहतंय, आजोबांचा धंदा पुढे नेतंय, याचा मला अभिमानच वाटला. सही करताना मी व्याजाचा दर दोनदा वाचला. आवाजाचा विचार एकदाही केला नाही.

सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. बारीक आणि ठोकळ आवाज बऱ्यापैकी ठीक, पण ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात पडावी तशी खाली गेलेली. त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसासारख्या बारीक पेशी. एका कानात पंधरा-सोळा हजार. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि परत उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, फ ही अक्षरं, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. म्हणून बेसचा दणका त्याला ऐकू येतो आणि भाचीची हाक येत नाही. उजवा कान जास्त का गेला, तर हेडफोनची एक बाजू उजव्या कानाला लावून तो पुढचं गाणं ऐकतो, आणि बाहेरच्या गोंगाटावर मात करायला तो हेडफोन आणखी मोठा ठेवतो.

"गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल," डॉक्टर म्हणाले. वय विचारलं. चोवीस.

घरी आल्यावर मी मास्तर झालो. माझे एक जुने सहकारी विज्ञान शिकवायचे, त्यांना फोन करून डेसिबल समजून घेतलं. तुम्हालाही सांगतो, कारण मला सत्तरी ओलांडेपर्यंत हे माहीत नव्हतं. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. २० वाढले की शंभरपट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकारने सणावारासाठी ठरवून दिलेले मोजके दिवस बारापर्यंत सूट, एवढाच अपवाद. पुढच्या एका वरातीत मी त्याच्या टेम्पोमागे फोनवरचं ॲप लावून मोजलं. १०८ आले. असलं ॲप पोलिसांच्या मीटरइतकं खरं नसतं हे मान्य. पण ५५ आणि १०८ मधला फरक ५३ म्हणजे ताकदीत जवळजवळ दोन लाख पट!

दुसरं गणित त्याहून सोपं. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काम चालेल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाहीत. मी त्याला वहीत हे मांडायला लावलं. तो एका वरातीत चार तास त्या टेम्पोपाशी उभा असतो. त्याने स्वतःच भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, "लेकरा, बंद कर. कर्जाचं मी बघतो."

तो म्हणाला, "आबा, तुमची पेन्शन तुमच्या गोळ्यांनाच पुरत न्हाई. आन् बंद करून काय करू? चार पोरं हायेत माझ्यावर. मी न्हाई वाजवलं तर दुसरा वाजवंल, सोळा बेस घिऊन. लोकांच्या छातीत दणका बसल्याबिगर त्यास्नी लगीन झाल्यासारखं वाटत न्हाई. त्ये मी शिकवलं का त्यास्नी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी स्वतः नातलगांच्या लग्नात नाक मुरडत बसलोय, पण कधी उठून नवऱ्या मुलाच्या बापाला आवाज कमी करायला सांगितलं नाही. म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून घरात बसतात, गोठ्यातली जनावरं दावं तोडायला बघतात, परीक्षेची पोरं कानात बोळे घालतात. सगळ्यांना त्रास होतो, आणि घरचं कार्य निघालं की तेच लोक विचारतात, किती बेस? दोष द्यायचा तो टेम्पोवरच्या पोराला. त्याचे कान आधी जातात याचा मात्र कुणी विचार करत नाही.

धंदा बंद झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण काही गोष्टी झाल्या. तो आता कानात बोळे घालतो. साध्या कापसाचे नाहीत, कारण कापसाने फारसं काही होत नाही. दाबून बसणारे फोमचे. हाताखालच्या चौघांनाही दिलेत. सुरुवातीला त्यांनी टिंगल केली, मग त्यातल्या एकाने हळूच सांगितलं की त्यालाही शिट्टी ऐकू येते. आता दर अर्ध्या तासाने माणूस बदलतो, आणि जो मोकळा असेल तो टेम्पोपासून लांब जाऊन बसतो. सुपारी घेताना तारीख, वेळ, गाव सगळं लिहून मागवायचं, नुसत्या बोलण्यावर जायचं नाही. आणि रात्री दहाला बंद, हे पावतीवरच छापलंय. त्यापायी दोन सुपाऱ्या गेल्या. एकाने तर, "मग तुला बोलवायचं कशाला?" असंही विचारलं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. या वर्षी त्याने हरिनाम सप्ताहाचं काम घेतलं. कीर्तनाला बेस लागत नाही, शब्द लागतात. शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला अभंगाचं अक्षर न् अक्षर कळलं पाहिजे, नाहीतर वारकरी मंडळी जाग्यावर उठून सांगतात! पैसे वरातीच्या पावपटही नाहीत. पहिल्या दिवशी त्याने मला मंडपात शेवटी बसवलं आणि लांबून हातानेच विचारलं, ऐकू येतंय का? उंच पट्टीचे आवाज जुळवताना त्याला आता स्वतःच्या कानाचा भरवसा नाही. 'स' नीट येतोय का हे तो मला विचारत होता. मी पंचाहत्तरीला टेकलेला आणि तो चोवीस वर्षांचा. मी मान हलवली, आणि मग बराच वेळ खाली बघत बसलो.

घरी दादांचा एक भोंगा अजून माळ्यावर आहे. तो त्याने खाली काढून पुसून ठेवलाय. चालत नाही, पण ठेवलाय.

दर महिन्याच्या एक तारखेला तो वही घेऊन येतो. "आबा, श्रुतलेखन घ्या." मी मागे बसतो आणि दहा शब्द सांगतो, दर वेळी वेगळे, म्हणजे पाठ होऊ नयेत. पहिल्यांदा चार आले होते. गेल्या महिन्यात चार, या महिन्यातही चार. मास्तर म्हणून आयुष्यभर मी मुलांचे गुण वाढावेत म्हणून धडपडलो. या एका विद्यार्थ्याचे गुण आहेत तेवढेच राहिले तरी मला पुरेत. कर्जाचे अजून चौदा हप्ते आहेत.

तुमच्या घरात पुढच्या सराईत कार्य असेल, तर माझी एकच विनंती. डीजेवाल्या पोराशी भाव करताना बेस किती ते विचारा हवं तर, पण वरात संपली की त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून, हळू आवाजात, "जेवलास का रे?" असंही विचारून बघा. त्याला ऐकू आलं तर चांगलंच आहे.